टोमोग्राफीत, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून मोजून आतलं चित्र उभं करण्याच्या तंत्रात, कमी कोनांतून मोजूनही चित्र नीट येतं का?

हो, पण कोन कसे निवडता त्यावर बरंच अवलंबून आहे. जुन्या हिशोबाने 512 पिक्सेल रुंद चित्राला साधारण 800 कोन लागतात. 2006 मध्ये कँडेस, रॉम्बर्ग आणि ताओ या संशोधकांनी दाखवलं की चित्रात सपाट भाग जास्त आणि कडा मोजक्या असतील तर 22 कोनांच्या माहितीतूनही ते हुबेहूब उभं राहतं. अर्थात ते गोंगाट (मोजमापातल्या चुका) नसलेलं नमुनाचित्र होतं. खऱ्या रुग्णाला इतके कमी कोन पुरायचे नाहीत.

मला सर्वांत आवडते ती रेडियल एमआरआयमधली (मध्यातून जाणाऱ्या रेषांवर मोजणाऱ्या एमआरआयमधली) सुवर्णकोनाची युक्ती. दर वेळी 111.25 अंश पुढे जायचं. मग स्कॅन कुठेही थांबवा, तोवरचे कोन जवळपास सारखेच पसरलेले असतात! रुग्ण हलला तर तेवढी मोजमापं टाकून उरलेल्यांतून चित्र काढता येतं. सीटी स्कॅनची गँट्री, म्हणजे रुग्णाभोवती फिरणारं कडं, मात्र सलग फिरते, तिथे अशा उड्या अवघड.