फुलदाणीवर रेड आयर्न ऑक्साइडने रंगवलेले गुलाब भाजल्यावर तपकिरी का झाले? आता अ‍ॅक्रिलिक वापरू का?

अ‍ॅक्रिलिक अजिबात नको. "लाल रंग भट्टीत टिकत नाही, भाजून झाल्यावर रंगवा आणि वर लॅकर मारा" हा सल्ला वर्कशॉपांतून सर्रास मिळतो, आणि त्यावर मी कायम भांडत आलोय. फुलदाणीत पाणी राहणार, बिस्क (एकदाच भाजलेलं, ग्लेझ नसलेलं सच्छिद्र भांडं) ते शोषणार, आणि रंग पापुद्र्यांनी सुटणार.

तुमचा लाल गेला कारण आयर्न ऑक्साइड वितळलेल्या ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या थरात) विरघळतं. पातळ हात असेल तर तपकिरीच उरतो. तुर्कस्तानातल्या इझनिकच्या कुंभारांनी सोळाव्या शतकात लोहयुक्त लाल मातीचा थर मुद्दाम जाड दिला. त्या भांड्यांवरचा लाल ग्लेझखालीही बोटाला उठून लागतो.

आज गुलाबाच्या भडक लालसाठी झिरकॉनच्या कवचातला कॅडमियम-सेलेनियम स्टेन (मातीकामाची तयार रंगपूड) घ्या. तो बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) दळू नका, कवच फुटतं आणि रंग मरतो. हाताने कालवून चाळा. तांबडी माती असेल तर लेदरहार्ड (अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट) असतानाच पांढरी स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) द्या, नाहीतर लाल मळकट दिसतो. साधारण १००० अंशांना बिस्क करा, ओल्या स्पंजने धूळ पुसा. मग तीन हात, प्रत्येक आधीच्याला आडवा, मधे वाळू देऊन. पाकळीचा उजेडाचा भाग दोन हातांवर सोडा, आणि शिरा सुईने पांढऱ्यापर्यंत खरवडा. चौथा हात मारलात तर ग्लेझ त्यावरून आकसून मागे सरतं. पारदर्शक ग्लेझ पातळच ठेवा, जाड झालं की दुधाळ दिसतं.

भट्टी खच्चून भरू नका. या लालला हवा लागते, कोंडला की करडा पडतो. सुमारे ६०० अंशांपर्यंत झरोका उघडा ठेवा. महरून छटेसाठी क्रोम-टिन स्टेन चालेल, पण ग्लेझमध्ये झिंक नको आणि कॅल्शियम भरपूर हवं.

पानांचा हिरवा क्रोमचा असेल तर टिनच्या पांढऱ्या ग्लेझवर त्याभोवती गुलाबी झाक पसरते. पांढरेपणा झिरकॉनने आणा. आणि भोवऱ्यासारखी लाल गुंडाळी काढून तिला बोटॅनिकल म्हणू नका. बागेतल्या गुलाबाच्या पानाला बहुधा पाच पर्णिका असतात, कडा दातेरी, देठाच्या बुडाशी दोन चिकटलेली उपपर्णं. एवढं तरी दिसायलाच हवं.

तुमची आत्ताची फुलदाणी? ऑनग्लेझ लाल (भाजलेल्या ग्लेझच्या वर लावायचा रंग) लावून ७५० ते ८०० अंशांना तिसरी भाजणी करता येते, पण तपकिरीवर तो मंदच दिसेल.

कॅडमियमची पूड हाताळताना धुळीचा मास्क लावा, आणि हे रंग खाण्याच्या भांड्याच्या आत वापरू नका. ग्लेझगणिक निकाल बदलतो, म्हणून आधी त्याच मातीच्या तुकड्यावर चाचणी घ्या.