‘किन’, ‘चिन’ की ‘छीन’?

प्रश्न : पहिल्या चिनी सम्राटाचं घराणं कुठे ‘किन’ लिहितात, कुठे ‘चिन’. बरोबर काय? आणि ‘चीन’ हे नाव त्यावरूनच आलं का?

‘किन’ तर सरळ चूक. रोमन लेखनात पहिलं अक्षर क्यू, म्हणून आपण ‘क’ वाचतो. चिनी भाषेपुरतं मात्र ते ‘छ’साठी वापरतात. तोंडासमोर तळहात धरून ‘चिंच’ म्हणा, मग ‘छिद्र’. दुसऱ्या वेळी तळव्याला फुंकर लागते, तोच हा वर्ण. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार आपण दीर्घ लिहितो, म्हणून ‘छीन’. १६४४ ते १९१२चं ‘छिंग’ घराणं निराळं. तिथे अनुस्वारामुळे ऱ्हस्व. तो अनुस्वार-‘ग’ गळला की अठराशे वर्षांची गल्लत!

‘चीन’चं मूळ या ‘छीन’मध्ये आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नैर्ऋत्य चीनमधल्या ग्वेइजोउकडच्या येलांग राज्याशी ते जोडणारेही आहेत. अडचण अशी, की छीन साम्राज्य टिकलं इ.स.पू. २२१ ते २०६, जेमतेम १५ वर्षं. एवढ्यात नाव संस्कृतापर्यंत पोचेल कसं? पण साम्राज्याआधी कित्येक शतकं वेई नदीच्या खोऱ्यात छीन नावाचं राज्य होतंच. शांग यांग या मंत्र्यानं इ.स.पू. ३५६पासून तिथे कुळाऐवजी रणातल्या कर्तबगारीवर हुद्दे दिले आणि पाच-पाच, दहा-दहा कुटुंबं एकमेकांच्या गुन्ह्यांना जबाबदार धरली. ३१६मध्ये सिचुआन घेतल्यावर नैर्ऋत्येची, म्हणजे भारताच्या बाजूची, वाट खुली झाली. तेव्हा शब्द राज्यावरून आला असणार, साम्राज्यावरून नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तलं ‘चीनपट्ट’, म्हणजे चिनी कापड, इथे कामाचं नाही; त्या ग्रंथाचा काळच वादाचा.

छीनच्या बुडण्यातही शब्दांची गंमत आहे. सम्राटानं ‘शी हुआंगदी’, म्हणजे पहिला सम्राट, असं बिरुद घेतलं. पुढच्यांनी दुसरा, तिसरा असं दहा हजारांपर्यंत मोजत जायचं होतं. २१०मध्ये तो मेला. पुढच्याच वर्षी सक्तीच्या भरतीतले ९०० लोक पावसात अडकले. वेळेवर पोचणं अशक्य, शिक्षेची भीती, म्हणून छन शंग आणि वू ग्वांग यांनी बंड उभारलं. तिसऱ्या शासकानं तर ‘सम्राट’ सोडून नुसतं ‘राजा’ म्हणवून घेतलं आणि ४६ दिवसांत बंडखोरांचा सेनानी लिउ बांग याच्यापुढे शरण गेला.

त्याच लिउ बांगच्या घराण्यावरून बहुसंख्य चिनी लोक स्वतःला ‘हान’ म्हणवतात. देशाला ‘जोंगग्वो’, मधलं राज्य. ‘चीन’ हे बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव. आपली दालचिनीही फारसीतून आली : ‘दारचीनी’, चीनचं लाकूड.