स्तनाखाली आणि जांघेत यीस्टचा (बुरशीचा) त्रास आहे, टी ट्री तेल लावलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय, कोल्हापुरात पाऊस लागल्यापासून स्तनाखाली आणि जांघेत लाल होऊन खाजतंय, अंगावरून पांढरंही जातंय. टी ट्री तेल दोन्हीकडे लावू का? बाहेरच्या कातडीला लावून बघा. योनीत मात्र अजिबात नको.

हे तेल नुसतं कधीच लावायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते. 30 मिली घाण्याच्या खोबरेलात 6 थेंब घाला. एका मिलीत साधारण 20 थेंब बसतात, म्हणजे हे एक टक्का झालं. घडीतल्या नाजूक कातडीला तेवढं पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. पुरळ उठलं तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते कोरडं करण्यात. आंघोळ झाली की सुती पंच्यानं टिपायचं, घासायचं नाही, आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं. मग बोटाच्या टोकाला लागेल एवढंच तेल, दिवसातून दोनदा. हात फिरवल्यावर चिकट लागलं तर जास्त झालंय, टिपून घ्या. जाड थराखाली घाम कोंडतो आणि कॅन्डिडा ही बुरशी ओलीवरच पोसते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. तसलाच परकर किंवा ब्रा अंगात चढवली तर तेल लावून काही उपयोग नाही. इस्त्री फिरवून कोरडे करा, मगच घाला.

टी ट्रीची बाटली गडद काचेची घ्या आणि घट्ट बंद ठेवा. हवा लागून जुनं झालेलं तेलच ॲलर्जी जास्त आणतं. पोटात गेलं तर विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आठवड्यात फरक नाही पडला तर तेलावर अडून बसू नका. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का क्रीम दिवसातून दोनदा, दोन आठवडे; हे औषध तेलापेक्षा खात्रीचं आहे. औषधाच्या दुकानातून घेताना ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का ते वाचा. ही स्टिरॉइडं आहेत. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते.

अंगावरून जाणारं दह्याच्या गुठळ्यांसारखं असेल, वास नसेल, तर बहुतेक कॅन्डिडाच. त्याला योनीत ठेवायच्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरांना विचारून घ्या. मासळीसारखा वास येत असेल तर तो बहुतेक जिवाणूंचा त्रास, त्याचं औषध वेगळं. गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर घरचा कुठलाच प्रयोग न करता आधी दाखवा. आणि हे वर्षात तीन-चारदा उलटत असेल तर उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्याच. साखर वाढलेली असली तर कुठलंही तेल, कुठलंही क्रीम टिकत नाही.