पोहण्यामुळे दुखावलेल्या खांद्याला फिजिओथेरपीचा खरोखर उपयोग होतो का? दुखणे पुन्हा उद्भवू नये म्हणून काय करावे?

आपण लिहिले आहे की वर्षभरापासून आठवड्यातून पाच दिवस, दररोज सुमारे दोन किलोमीटर फ्रीस्टाइल पोहता. पाणी मागे ओढताना उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते. वेदनाशामक गोळ्या आणि तीन आठवड्यांची विश्रांती यांनी दुखणे थांबले, पण पुन्हा पोहायला लागताच आठवड्याभरात ते परतले. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पोहणाऱ्यांच्या तक्रारी मी नेहमी पाहते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय आपल्या खांद्याचे निदान करणे योग्य होणार नाही, परंतु आपण सांगितलेला क्रम अतिशय परिचित आहे, आणि तो तसा का घडतो हे समजले तर पुढचे बरेचसे आपोआप स्पष्ट होते.

उपयोग निश्चित होतो. मात्र फिजिओथेरपी म्हणजे शेक घेणे आणि यंत्राखाली पंधरा मिनिटे पडून राहणे, अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी. शेकाने तात्पुरते बरे वाटते, त्यात वाईट काही नाही. पण आपला खांदा दुखतो तो त्याच्या ताकदीपेक्षा जास्त काम त्याच्यावर पडते म्हणून, आणि ताकद यंत्राने वाढत नाही.

कामाचा हिशेब करून पाहा. पंचवीस मीटरच्या तलावात एक लांबी पार करायला साधारण २० हात मारावे लागतात असे धरले, तर दोन किलोमीटरमध्ये १,६०० हात होतात, म्हणजे एका खांद्याच्या वाट्याला ८०० आणि आठवड्याला ४,०००. खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा आहे. त्याची खोबण उथळ आणि दंडाच्या हाडाचा गोळा मोठा असल्यामुळे तो जागेवर राहतो तो मुख्यतः रोटेटर कफ या चार स्नायूंच्या आणि खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, स्नायूंच्या आधारावर. फ्रीस्टाइलमध्ये छातीचे आणि पाठीच्या कडेचे मोठे स्नायू, जे हात खाली ओढतात आणि आतल्या बाजूला फिरवतात, दिवसेंदिवस बळकट होत जातात; हात बाहेरच्या बाजूला फिरवणारे लहान स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यातच खवाट्याला बरगड्यांशी धरून पुढे सरकवणारा सेरेटस अँटीरियर हा स्नायू या प्रकारात जवळजवळ सतत काम करत असतो आणि थकला की खवाट्याची हालचाल बिघडते. मग प्रत्येक हाताबरोबर सुप्रास्पायनेटस (रोटेटर कफमधील एक स्नायू) किंवा बायसेप्स स्नायूच्या कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या टेंडनवर, थोडा थोडा जादा ताण येत राहतो. केनेडी आणि हॉकिन्स या अस्थिशल्यचिकित्सकांनी १९७४ साली या दुखण्याला ‘स्विमर्स शोल्डर’ असे नाव दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, उच्च स्तरावरील ८० जलतरणपटूंच्या एका अभ्यासात ९१ टक्के जणांनी खांदेदुखीची तक्रार सांगितली होती, आणि पोहण्याचे प्रमाण जितके जास्त, तितकी सुप्रास्पायनेटसची कंडरा खराब असण्याची शक्यता जास्त आढळली.

आता विश्रांतीचे काय होते ते पाहू. तीन आठवडे न पोहल्याने कंडरेची चिडचिड शांत होते, म्हणून दुखत नाही. पण त्याच तीन आठवड्यांत स्नायू आणि कंडरा यांची भार सहन करण्याची क्षमता वाढत तर नाहीच, उलट किंचित घटते. आपण परतता ते मात्र थेट जुन्या दोन किलोमीटरवर. म्हणूनच बहुतेकांना मी पोहणे पूर्ण बंद करायला सांगत नाही. ते कमी करायला सांगते. शून्य ते दहा या मापात दुखणे तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर तेवढे पोहणे सहसा चालते. त्यापेक्षा जास्त दुखले तर अंतर कमी करावे, किंवा काही दिवस हात शरीरालगत ठेवून फक्त पायांचा सराव करावा. किकबोर्ड हात लांब करून धरल्यास खांदा नेमका त्रासदायक स्थितीत अडकून राहतो, म्हणून या काळात तो टाळलेला बरा. हाताला लावायची पॅडलही पूर्ण बंद ठेवावीत. दुखऱ्या खांद्यावर त्यांच्याइतका अनावश्यक भार दुसरे कोणतेही साधन टाकत नाही.

व्यायामाची सुरुवात खांदा फार दुखत असेल तर हालचालीविना करावी: कोपर कमरेशी ठेवून मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबून धरायची. ते सोसू लागले की रबरी पट्टा घेऊन, कोपर आणि कमर यांच्यामध्ये गुंडाळलेला टॉवेल धरून, हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा आणि परत येताना मुद्दाम सावकाश यायचे. सेरेटससाठी भिंतीवर दंड काढून शेवटी कोपर न वाकवता पाठ आणखी थोडी मागे ढकलायची. पुढे हेच जमिनीवर करता येते. पट्टा स्वतःकडे ओढताना खवाटे मागे आणि खाली नेणे, पालथे पडून हात इंग्रजी टी आणि वाय अक्षरांसारखे उचलणे, हे त्यानंतरचे टप्पे. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी १२ ते १५ आवर्तनांचे दोन-तीन संच पुरेसे असतात, पण भार वाढवत नेला पाहिजे. सहा आठवडे त्याच पट्ट्यावर त्याच सहजतेने व्यायाम चालू असेल, तर फारसे काही साधत नाही.

ताणण्याच्या व्यायामांबाबत मला विशेष सांगावेसे वाटते. दोन्ही हात मागे नेऊन जोडीदाराकडून जोरात ओढून घेण्याची जी पद्धत तलावाच्या काठी दिसते, ती कृपया करू नका. पोहणाऱ्यांचा खांदा पुढच्या बाजूला बहुधा आधीच सैल असतो आणि या ताणाने सांध्याचे पुढचे आवरण आणखी सैल पडते. ताणायचे असेल तर छातीचे स्नायू आणि खांद्याची मागची बाजू हलक्या हाताने ताणावी, आणि पाठीचा वरचा भाग मोकळा करावा. तो ताठ असला की हात वर नेताना सगळी भरपाई खांद्यालाच करावी लागते.

आपल्या बाबतीत व्यायामाइतकेच महत्त्व पोहण्याच्या पद्धतीला आहे असे मला वाटते, कारण वर्षभरात सवयी पक्क्या होतात. कुणाकडून तरी समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून घ्या. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी जातो का, हात डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडतो का, ओढताना कोपर हाताच्या पंजापेक्षा खाली पडते का, शरीर दोन्ही बाजूंना सारखे वळते का, हे त्यात दिसेल. यांपैकी पहिल्या दोन चुकांमध्ये दंड आतल्या बाजूला फिरलेल्या अवस्थेत वर जातो आणि कंडरेवरचा दाब वाढतो. नेहमी एकाच बाजूला श्वास घेत असाल, तर दोन्ही बाजूंना घेण्याचा सराव करा. हे सुरुवातीला फार अवघड जाते, पण शरीराचे वळणे समतोल होते.

आपण पुढे इतर प्रकार शिकणार असाल तर थोडक्यात सांगते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पायांच्या फटक्यामुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध आणि मांडीचे आतले स्नायू दुखावतात, तर बटरफ्लायमध्ये कंबर वारंवार मागे वाकत असल्याने पाठीच्या खालच्या भागाला त्रास होतो. वाढत्या वयाच्या मुलांची अशी कंबरदुखी दोन-तीन आठवडे टिकली तर मणक्याच्या हाडाला ताणामुळे चीर गेलेली असू शकते, तेव्हा ती डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.

आपल्यालाही काही लक्षणे दिसल्यास व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे लागेल: झोप मोडणारी रात्रीची वेदना, हात वर उचलताच न येणे, खांदा निसटल्यासारखा वाटणे, मानेपासून हातात उतरणाऱ्या मुंग्या किंवा बधिरपणा. संपूर्ण हात अचानक सुजून निळसर पडला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, कारण शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते.

यांपैकी काही नसेल, तर दोन्ही खांद्यांची ताकद आणि हालचाल मोजून तुलना करणारा, खवाट्याची हालचाल पाहणारा आणि आपण आठवड्याला किती पोहता हे विचारणारा फिजिओथेरपिस्ट शोधा. साधारण आठ ते बारा आठवडे धरून चाला. एक किलोमीटरने, एक दिवसाआड सुरुवात करा, आधी अंतर वाढवा आणि वेग नंतर. एकाच आठवड्यात दोन्ही वाढवू नका. खांदा पूर्ण शांत झाल्यावरही पट्ट्याचे व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू ठेवा आणि पाण्यात उतरण्याआधी त्याच पट्ट्यावर पाच मिनिटे खांदे तापवून घ्या.