उबंटू अपग्रेड करताना ‘फाइल बदललेली आहे’ असं विचारलं, तर वाय दाबायचं की एन?

तुमचा प्रश्न असा : जिनिंगच्या ऑफिसातला सर्व्हर उबंटू या लिनक्स सिस्टीमच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर न्यायचा आहे. मध्येच स्क्रीनवर येतं की ही कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली आहे, कंपनीची नवी टाकू की तुमची जुनी ठेवू? वजनकाटा, पावतीचा प्रिंटर, चुकाऱ्याचा हिशेब, सगळं त्याच मशीनवर, म्हणून हात अडतो. मी यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या जिनिंगांची आणि पतसंस्थांची अशीच मशीनं सांभाळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे घाबरू नका भाऊ. काहीही दाबलं तरी तुमची फाइल नाहीशी होत नाही. ‘एन’ दाबलं तर तुमची फाइल जागेवर राहते आणि नवी तिच्या शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ अशी शेपटी लावून ठेवली जाते. ‘वाय’ दाबलं तर नवी जागेवर बसते आणि तुमची ‘डीपीकेजी-ओल्ड’ नावाने शेजारी राहते. नुसतं एंटर म्हणजे ‘एन’. ‘डी’ दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो; तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. सांबासारख्या (हा नेटवर्कवर फाइली वाटतो) काही पॅकेजांचा, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचा, प्रश्न वेगळ्या चौकटीत येतो, तिथे शेपटी ‘यूसीएफ-डिस्ट’ किंवा ‘यूसीएफ-ओल्ड’ असते. बाकी गोष्ट तीच.

आता हा प्रश्न कधी येतो ते समजून घ्या. फाइल तुम्हीही बदललेली आणि पॅकेजवाल्यांनीही बदललेली, दोन्ही असेल तेव्हाच तो येतो. फक्त तुम्ही बदलली असेल तर तुमची गुपचूप राहते. फक्त त्यांनी बदलली असेल तर गुपचूप नवी येते. तपासणी चेकसमने, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, होते, म्हणून तुम्ही एक रिकामी ओळ टाकली असली तरी तो बदलच धरला जातो.

माझ्या अनुभवाने खरा घोटाळा या प्रश्नात नसतोच. तो जिथे काहीच विचारलं जात नाही तिथे होतो.

पीएचपीचं बघा, म्हणजे पावतीचा वेब प्रोग्राम ज्या भाषेत चालतो तिचं. २०.०४ मध्ये पीएचपी ७.४ आहे, २२.०४ मध्ये ८.१. सेटिंगचं फोल्डर आवृत्तीच्या नावाने असतं, म्हणजे ८.१ चं फोल्डर पूर्ण नवं तयार होतं आणि त्यात सगळं कोरं असतं. तुमच्या ७.४ च्या फोल्डरला कोणी हात लावत नाही, पण ते वाचतही कोणी नाही. टाइमझोन तुम्ही पीएचपीच्याच सेटिंगमध्ये कोलकाता लिहिला असेल, तर अपग्रेडनंतर तो यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) होतो आणि काटा पावतीवर साडेपाच तास मागची वेळ छापली जाते. सकाळी दहाला गाडी लावलेल्या शेतकऱ्याच्या पावतीवर पहाटेचे साडेचार. पहाटे साडेपाचच्या आधीची गाडी असेल तर तारीखच आदल्या दिवसाची पडते, आणि चुकाऱ्याच्या वेळी त्या माणसाला खिडकीवर उभं राहून भांडावं लागतं. फाइल अपलोडची मर्यादाही परत २ एमबीवर येते. यातलं काहीच अपग्रेड विचारत नाही.

दुसरं काट्याचं. काट्याचा इंडिकेटर बहुतेक ठिकाणी यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरने जोडलेला असतो, आणि स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सीएच३४० नावाची चिप असते. २२.०४ आली तेव्हा ब्रेल डिस्प्लेसाठी असलेलं बीआरएलटीटीवाय हे पॅकेज या चिपलाच ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घ्यायचं, आणि काट्याचा पोर्ट दिसेनासा व्हायचा. ऑफिसात ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर त्याची नियमाची फाइल ‘यूएसआर’खालच्या ‘लिब’मध्ये आहे, तिला हात लावू नका; त्याच नावाची स्वतःची फाइल ‘ईटीसी’ या सेटिंगच्या फोल्डरखालच्या यूडेव्हच्या (जोडलेली यंत्रं ओळखणाऱ्या भागाच्या) फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त या चिपची ओळ गाळा. नाव सारखं असलं की ‘ईटीसी’तली चालते. ‘यूएसआर’ पॅकेजवाल्यांचं, ‘ईटीसी’ तुमचं, एवढं धरून चाला.

म्हणूनच मी म्हणतो, निर्णय त्या प्रश्नाच्या वेळी घ्यायचा नाही. तो आधीच घेतलेला असावा, आणि तो असा : मूळ फाइल पॅकेजवाल्यांची राहू द्या, आपले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहा. मारियाडीबी या डेटाबेसला त्यासाठी ‘मारियाडीबी डॉट कॉन्फ डॉट डी’ हे फोल्डर आहे. तिथे शेवटी वाचलेलं चालतं, म्हणून फाइलच्या नावाआधी ९९ लावा. एसएसएचचं (दुरून मशीनवर लॉगिन करायची सोय) उलट आहे, तिथे आधी वाचलेलं चालतं. मूळ फाइलमध्ये वरच ‘इन्क्लूड’ची ओळ असते, तिच्यामुळे तुमची फाइल आधी वाचली जाते. मात्र मशीन १८.०४ पासून चालत आलेलं असेल आणि दर वेळी कोणी ‘एन’ दाबत आलं असेल, तर ही ओळ त्यात नसतेच आणि तुमची वेगळी फाइल कोणी वाचत नाही. ती ओळ आहे का हे डोळ्यांनी बघा. सांबाला असं फोल्डर नाही; तिथे तुमची फाइल ठेवा, फरक हाताने मिळवा आणि टेस्टपार्म ही सांबाची तपासणीची कमांड चालवून चूक आहे का पाहा. अशी विभागणी झाली की पुढच्या अपग्रेडला जवळपास सगळीकडे बिनधास्त ‘वाय’ म्हणता येतं.

आज कुठे काय बदललेलं आहे हे माहीत नसेल, कारण आधीचा माणूस सोडून गेला असेल, तर डेबसम्स हा तपासणीचा प्रोग्राम टाकून सी आणि ई हे दोन पर्याय देऊन चालवा. पॅकेजच्या कोणत्या कॉन्फिगरेशन फाइली बदलल्या आहेत त्याची यादी मिळते. यूसीएफवाल्या फाइली त्यात येत नाहीत, त्या वेगळ्या बघाव्या लागतात. मग ईटीसीकीपर टाका. तो अख्ख्या ‘ईटीसी’ची नोंद गिटमध्ये (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम) ठेवतो, पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप. सातबाऱ्यावर काय बदललं ते जसं फेरफारात सापडतं, तसंच इथे सापडतं. शिवाय ‘ईटीसी’ची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, पण त्यात पासवर्डच्या फाइली असतात, तो टेबलावर पडू देऊ नका.

वेळ कधीची? कापसाची आवक सुरू असताना मुळीच नाही. गेटवर ट्रॅक्टर-टेम्पोची रांग असताना काटा बंद पडला, तर माणूस रात्रभर गाडीजवळ झोपतो. आवक सरली की एप्रिलमध्ये घ्या, विजा कडाडायला लागायच्या आत. आपल्याकडे लाइन कधी जाईल नेम नाही, म्हणून इन्व्हर्टर भरलेला पाहिजे. तरी मध्येच मशीन बंद झालंच, तर सुरू करून डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामला, ‘कॉन्फिगर’ आणि ‘ए’ हे पर्याय देऊन चालवा. अर्धवट राहिलेली पॅकेजं पुढे बसतात. मोबाइलच्या नेटवरून एसएसएचने करत असाल तर डू-रिलीज-अपग्रेड ही अपग्रेडची कमांड ‘स्क्रीन’ नावाच्या प्रोग्राममध्ये चालते, नेट तुटलं तरी परत जोडता येतं. बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून येतात ती ठिकाणं) ती बंद करते, त्या नंतर स्वतः सुरू करा. थेट २४.०४ वर उडी मारता येत नाही, आधी २२.०४ लागतं. टाळत मात्र बसू नका, २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला.

झाल्यावर ‘ईटीसी’मध्ये वरच्या चारही शेपट्यांच्या फाइली शोधा आणि एकेक निकाली काढा. मग रिकामी गाडी काट्यावर घ्या, पावती छापा, तिच्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवा. अपग्रेडच्या आधी डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली असेलच. ती दिवाळीनंतरची पहिली आवक नीट पार पडेपर्यंत पुसू नका.