कोंबड्याचा तुरा हिवाळ्यात काळा पडतो आणि पिल्लं प्रदर्शनाच्या मानकात बसत नाहीत, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की बार्ड प्लिमथ रॉक या पट्टेरी पिसांच्या जातीचा एक कोंबडा आणि चार माद्या आहेत. बर्फाच्या दिवसांत खुराड्याची फट न् फट बुजवलीत, उबेचा दिवा लावलात, तरी कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. पुढे उबवायला ठेवलेली निम्मी अंडी रिकामी निघाली आणि जी पिल्लं वाढली त्यांतले नर फिके. तर हा कोंबडा काढून टाकावा का?

काढू नका. चूक कोंबड्याची नाही, बुजवलेल्या फटींची आहे.

मीही पहिल्या हिवाळ्यात हेच केलं होतं. पोती, जुन्या चादरी, हाताला लागेल ते कोंबलं. सकाळी दार उघडलं तर खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी आणि नाकात झोंबणारा वास. कोंबडीच्या अंगाची उष्णता 41 अंशांच्या आसपास असते, वर पिसांची रजाई. कोरडी थंडी ती आरामात काढते. पण रात्रभर श्वासातून वाफ निघत असते आणि ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश तर पाणीच. ही ओल बाहेर गेली नाही की उघड्या तुऱ्यावर बसते आणि गोठते. एकेरी उंच तुऱ्याची टोकं सगळ्यात आधी जातात. तुरा असा करपला की कोंबड्याची प्रजननक्षमताही काही आठवडे खाली येते. तुमची रिकामी अंडी बहुधा त्यातलीच.

तेव्हा छपराच्या लगेच खाली, कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांच्या डोक्याच्या बरेच वर, समोरासमोर झरोके ठेवा आणि हिवाळाभर ते उघडेच राहू द्या. अंगावर वारा येता कामा नये आणि ओल मात्र डोक्यावरून निघून गेली पाहिजे. सकाळी काच आतून ओली दिसली तर झरोका अजून लहान आहे असं समजा. वास घ्यायचा तोही उभ्याने नाही, उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर. बसायची दांडी चारेक इंच रुंद, चपटी हवी, म्हणजे बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं घ्या. पसरट भांड्यात गळ्याखालचे लाल लोंब भिजतात आणि मग तेही गोठतात. तुऱ्याला व्हॅसलीन चोळणारे पुष्कळ आहेत. मीही दोन हिवाळे चोळलं. माझे हात तेवढे मऊ झाले. उबेचा दिवा मात्र काढाच. कोरड्या भुशावर लोंबणारा तापलेला दिवा म्हणजे आगीला आवतण, आणि वीज गेली की उबेला सवकलेले पक्षी एकदम गारठ्यात.

काळी टोकं कापू नका, चोळू नका. ती वाळून आपोआप गळतात. प्रदर्शनात त्याचे गुण जातील, पण गळलेली टोकं काही पिल्लांत उतरत नाहीत. तुरा भरून आला की पैदाशीला तो कोंबडा पहिल्याइतकाच चांगला.

फिक्या नरांचं कारण वेगळं आहे. पिसांवरच्या पट्ट्यांचा जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो: नरात दोन येऊ शकतात, मादीत एकच. दोन असले की पांढरा पट्टा रुंदावतो आणि नर उजळ दिसतो. प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात मात्र नर-मादी रंगाने जुळती दिसावीत अशी अपेक्षा. म्हणून जुने पैदासकार दोन वंश वेगळे सांभाळत आले. प्रदर्शनाचे नर हवे असतील तर मानकाच्या रंगाचा नर आणि त्याहून काळपट माद्या. प्रदर्शनाला तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, न्यायच्या असतील तर मानकाच्या रंगाच्या माद्या आणि फिका नर. चार माद्यांवर हे दोन्ही संसार चालवायला जाऊ नका, एकच निवडा. आणि पिसं उशिरा फुटणारी पिल्लं उघडी, केविलवाणी दिसतात म्हणून घाईने काढू नका. बारीक, रेखीव पट्टे बहुतेक त्यांच्याच अंगावर येतात.

पट्टे तरी नंतरचे. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनचं मानकांचं पुस्तक 1874 पासून निघतंय आणि बार्ड रॉक त्यात पहिल्यापासून आहे. त्यात पूर्ण वाढलेला कोंबडा साडेनऊ पौंडांचा, म्हणजे सुमारे 4.3 किलोचा सांगितलाय आणि कोंबडी साडेसात पौंडांची, सुमारे 3.4 किलोची. तुमचे पक्षी काट्यावर ठेवून बघा. निव्वळ अंड्यांसाठी वाढवलेल्या हॅचरीच्या पक्ष्यांनाही बार्ड रॉकच म्हणतात, वजन मात्र बरंच कमी भरतं, आणि तिथेच घोडं अडलं असेल तर रंगाची चर्चा फुकट. पाठ रुंद आहे का, छाती भरलेली आहे का, पाय एकमेकांपासून दूर रोवलेत का, हे हात फिरवूनच कळतं. डोळ्यांना पिसं फसवतात. तुऱ्याच्या बाजूला फुटलेला कोंब, पायाच्या नळीवर पिसाचा खुंट, एका अंगाला कललेली शेपटी, यांतलं काही दिसलं तर पक्षी बाकी राजा का असेना, पैदाशीतून बाहेर.

संख्या मोठी लागते. मी पन्नास पिल्लांतून पाच-सहाच ठेवते, आणि शेवटची निवड सात-आठ महिन्यांच्या आधी करत नाही, कारण या जुन्या जाती सावकाश भरतात. पहिल्याच दिवशी पायाच्या बोटांमधल्या पडद्याला भोक पाडून खूण करा. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, म्हणजे सोळा खुणा; कुठलं पिल्लू कुणाचं हे वहीत राहतं. तरणे कोंबडे कळपातच हिंडत असतील तर अंडी गोळा करायच्या तीन आठवडे आधी त्यांना वेगळं काढा, मादीच्या पोटात वीर्य तितके दिवस टिकतं. हिवाळा सरता सरताच अंडी हवी असतील तर महिनाभर आधीपासून दिवस चौदा तासांचा करा. त्याला साधा लहान दिवा पुरतो, उबेचा नव्हे, आणि कोंबड्यालाही तो प्रकाश मिळू द्या.

प्रदर्शनाला नेताना दोन-तीन दिवस आधी कोमट पाण्याने धुवा आणि पिसांच्या मुळापर्यंत सुकल्याशिवाय खुराड्यात सोडू नका. परत आल्यावर चार आठवडे वेगळं ठेवा. एकदा माझा कोंबडा तिथून आला, बांग देत होता, ठणठणीत दिसला, म्हणून त्याच संध्याकाळी कळपात सोडला. दहाव्या दिवशी सगळं खुराडं शिंकत होतं, आणि त्या वर्षी एकही अंडं मी उबवायला ठेवलं नाही.