इंटरव्ह्यूत टीमवर्कचा प्रश्न आला की काय सांगायचं

पहिलाच इंटरव्ह्यू आहे ना, मग आत्ता फक्त दोन किस्से तयार ठेव, एक टीमने मिळून काम पूर्ण केल्याचा आणि एक टीममध्ये मतभेद झाल्याचा. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एखादा कार्यक्रम, काहीही चालतं, नोकरीचाच अनुभव हवा असं अजिबात नाही.

सांगताना स्टार पद्धत धर, म्हणजे परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू काय केलंस आणि शेवटी काय झालं. पहिले दोन भाग तीन-चार वाक्यांत उरक, खरा वेळ तिसऱ्याला दे, कारण मार्क तिथेच मिळतात आणि बहुतेक जण नेमकं तिथेच घाई करतात.

नवीन मुलं हमखास करतात त्या चुका:
- सगळं "आम्ही केलं, आम्ही ठरवलं". अरे पण तू काय केलंस? "मी" म्हणायला लाजू नकोस, फक्त दुसऱ्याचं श्रेय घेऊ नकोस.
- "मी चांगला टीम प्लेयर आहे" एवढंच बोलून थांबणं, उदाहरणच नाही.
- मतभेदाच्या प्रश्नावर "आमच्यात कधी भांडणच झालं नाही" म्हणणं (यावर कोणी विश्वास ठेवत नाही), किंवा उलट, जुन्या सहकाऱ्याची उणीदुणी काढत बसणं. तू त्याचं ऐकून कसं घेतलंस आणि मार्ग कसा निघाला ते सांग.

उत्तर पाठ मात्र करू नकोस, मुद्दे लक्षात ठेव आणि एकदा मोठ्याने बोलून बघ, दोन मिनिटांच्या आत बसलं की झालं. लीडरशिपचे वगैरे प्रश्न नंतर बघू.